दांडी सशावर, चाल कासवाची

पिओरिया, इलिनॉय
जूनचा दुसरा रविवार

प्रिय सुऱ्या,

स. न. वि. वि. वगैरे राहू दे. तुझा मेसेज पोचला, 'दोन आठवडे फोन नाही, आहेस का गेलास?' आहे लेका. फक्त हे दोन आठवडे रोज संध्याकाळी गॅरेजच्या फरशीवर उताणा पडलेलो होतो, एका मशिनीच्या पोटाखाली. नखांतलं काळं अजून निघालेलं नाही. सोमवारी ऑफिसात मीटिंगला हात टेबलाखाली धरून बसलो होतो.

मागे एकदा फोनवर मी म्हणालो होतो, 'गवत कापायच्या गाडीवर बसलोय', तेव्हा तू इतका हसलास की वहिनी आतून विचारायला आल्या. तीच गाडी. रायडिंग मोअर म्हणतात. दिसायला ट्रॅक्टरचं पिल्लू. पुढं इंजिन, मध्ये पोटाखाली बेचाळीस इंचांचा कापायचा डेक, मागं दोन मोठी चाकं आणि वर एक खुर्ची. आमचं घर आणि भोवतालचं गवत मिळून एक एकर. मे महिन्यात पाऊस आणि ऊन एकत्र आलं की गवत आठवड्याला गुडघ्याकडं धावतं. न कापून चालत नाही, इथल्या बऱ्याच गावांत आठ-दहा इंचांच्या वर गेलं की नगरपालिकेची चिठ्ठी दारावर येते. तुमच्याकडं गवत म्हणजे वैरण. इळा घ्यायचा, भारा बांधायचा, म्हशीपुढं टाकायचा. मी दर शनिवारी पेट्रोल जाळून वैरण कापतो आणि जागेवरच टाकून देतो. अण्णांना हे सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

पण एक गोष्ट मात्र त्यांना जरूर सांग. गवत कापायचं यंत्र मुळात तुमच्याच कापडाच्या धंद्यातून निघालं आहे. इंग्लंडात स्ट्राउड नावाच्या कापडगिरण्यांच्या गावात एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. लोकरीचं कापड विणून झालं की त्याच्यावर जी लव उभी राहते ती सारखी कातरायला गिरणीत फिरत्या पात्यांचं यंत्र असायचं. ह्या गड्यानं ते बघितलं आणि म्हणाला, हेच जमिनीवर का फिरवू नये? १८३० साली त्यानं पेटंट घेतलं. म्हणजे इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवायच्या सत्तरेक वर्षं आधी कापडधंद्याचं एक यंत्र पळून बागेत गेलं होतं. माझ्या मोअरची पाती आडवी, पंख्यासारखी फिरतात, बडिंगची रुळासारखी होती. पण नातं आहेच. म्हणून हे सगळं तुला लिहितोय. इथं कुणाला सांगितलं तर ऐकून घेतात आणि नवीन मोअरची जाहिरात पाठवतात.

तर झालं असं. एप्रिलच्या शेवटी पहिल्यांदा मोअर बाहेर काढला. इंजिन पहिल्या किल्लीला सुरू. पण गाडी पळेना. पेडल पूर्ण दाबलं तरी वरातीच्या घोड्यासारखी चाल. त्यातून आमचं घर नदीकाठच्या टेकाडावर. इलिनॉय म्हणजे परातीसारखा सपाट, पण इलिनॉय नदीच्या काठाला चढ-उतार आहेत आणि त्यातला एक नेमका माझ्या वाट्याला आला आहे. पंचवीस मिनिटं कापून झालं की त्या चढावर गाडी जवळजवळ उभीच राहायची. इंजिन गुरगुरतंय, पाती फिरतायत, चाकं मात्र विचार करतायत.

मोअरच्या दांडीवर, म्हणजे इंजिनाच्या वेगाच्या दांडीवर, दोन चित्रं असतात, वर ससा आणि खाली कासव. शपथेवर सांगतो, शब्द नाहीत, चित्रंच. मी दांडी सशावर नेऊन ठेवली होती, आणि शेजारच्या फुटपाथवरून एक आजी कुत्र्याला घेऊन मला मागं टाकून गेल्या.

एका दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. पलीकडच्या माणसानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. 'हायड्रो गेलं. आठशे डॉलर, मजुरी वेगळी. त्यापेक्षा नवीन घ्या.' मी दोन दिवस नवीन मोअर बघत बसलो. बायकोनं विचारलं, 'उघडून तरी बघितलंस का?' इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षं घालवलेल्या माणसाला हा प्रश्न बराच लागतो.

मग शेजारचे म्हातारबाबा आले. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर मका आणि सोयाबीन केलेले. त्यांनी गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. एकच विचारलं, 'गार असताना हळू चालते, की तापल्यावर?'

सुऱ्या, आपले डॉक्टर विचारायचे बघ, ताप सकाळी असतो की संध्याकाळी चढतो? तसला प्रश्न. ह्या एका प्रश्नात निम्मं निदान आहे. गाडी अगदी गार असतानाही हळू असेल तर दोष बहुतेक बाहेरचा, म्हणजे पट्टा, दांड्या, ब्रेक. गार असताना चांगली पळते आणि तापल्यावर मान टाकते, तर दोष तेलाकडचा किंवा त्या तेलाच्या थंडाव्याकडचा. माझ्याकडं काय होतं? मला सांगताच येईना. 'हळू चालते' एवढंच मला माहीत होतं.

म्हणून मोजलं. ड्राइव्हवेवर टेप धरून शंभर फुटांच्या दोन खडूच्या रेघा मारल्या. गाडीच्या पुस्तकात पुढं जायचा वेग ताशी साडेपाच मैल दिला आहे, म्हणजे आपल्या हिशेबानं नऊ किलोमीटरला थोडा कमी. त्या वेगानं शंभर फूट साडेबारा सेकंदांत संपायला हवेत. पोरगा स्टॉपवॉच घेऊन उभा. गार गाडी, २२ सेकंद. अर्धा तास गवत कापून आल्यावर, ३८. म्हणजे दोन्ही. गारही हळू, तापल्यावर आणखी हळू. म्हातारबाबा म्हणाले, 'मग तुझ्याकडे एक चोर नाही, दोन आहेत.' पुढं निघाले तीन.

पहिला चोर फुकटात सापडला. ह्या गाडीला गिअरबॉक्सऐवजी हायड्रोस्टॅटिक असतं, त्याच्या पोटात काय चालतं ते पुढं सांगतो. ते जोडलेलं असताना गाडी हातानं ढकलता येत नाही, तेल आत अडकलेलं असतं, चाकं हलत नाहीत. म्हणून मागं, बंपरपाशी एक बारीक सळई असते. ती ओढून खाचेत अडकवली की आतली तेलाची वाट मोकळी होते आणि गाडी ढकलता येते. हिवाळ्यात पोराला सांगितलं होतं, गाडी कोपऱ्यात ढकलून ठेव. त्यानं सळई ओढली, ढकलली, परत आत सारली, पण पूर्ण नाही. पाऊण आत, पाव बाहेर. म्हणजे तेलाला सगळा हिवाळा आणि वसंत एक चोरवाट उघडी. जोर चाकाकडं जायच्या ऐवजी त्या वाटेनं मागच्या मागं परत. सळई अंगठ्यानं दाबली, खट्ट वाजलं. पुन्हा रेघा, पुन्हा स्टॉपवॉच. गार १६, तापल्यावर ३१. आठशे डॉलरच्या रोगातला बराचसा भाग अंगठ्यानं गेला.

पेडलच्या दांड्या तपासल्या, पूर्ण दाबल्यावर मागचा हात शेवटपर्यंत जातोय, ठीक. हातब्रेक घासत नाही, तेही ठीक. इंजिनाचे फेरे व्यवस्थित. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, दोन संध्याकाळी गेल्या इतकंच.

आता पट्टा. हा भाग तुझ्यासाठी.

तुमच्या मागांच्या शेडमधले जॉबरमामा आठवतात? माग बंद पडला की आपण सगळे मोटरीकडं धावायचो. मामा आधी पट्ट्यावरून तळहात फिरवायचे, मग पुलीच्या खाचेत बोट घालायचे, आणि मग चहा मागवायचे. मी त्या शेडमध्ये दहावीची आख्खी सुट्टी काढली, आणि मोअर बंद पडल्यावर पहिल्यांदा काय केलं, तर फोन. मामा असते तर माझ्या हातावर पाना हाणला असता.

इंजिनाचा दांडा खाली तोंड करून असतो, त्याच्या टोकाला दोन खाचांची पुली. एका खाचेतला पट्टा डेककडं जातो, पाती फिरवायला. दुसऱ्यातला लांबलचक पट्टा गाडीच्या पोटाखालून मागं हायड्रोच्या पुलीकडं. मध्ये आयडलर, स्प्रिंगनं ताणलेला. तो पट्टा काढायचा तर डेक आधी बाहेर घ्यावा लागतो. किल्ली काढली, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधली, मागची बाजू उचलून स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणाऱ्यांपैकी मी नाही, तूही होऊ नकोस. आयडलरची स्प्रिंग काढताना चष्मा घातला होता, आणि बरं केलं. ती सुटली ती थेट गॅरेजच्या दारावर.

पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकत होत्या. व्ही-पट्टा धरतो तो कडांनी, बुडानं नाही, हे तुला मी काय सांगणार. पण पुलीच्या खाचेचं बूडही चकचकीत दिसलं. म्हणजे पट्टा झिजून इतका अरुंद झाला होता की खाली जाऊन बुडावर टेकला होता आणि नुसता घसरत होता. त्यात आयडलरच्या हाताचा खिळा गंजून घट्ट, स्प्रिंगनं ओढायचं ठरवलं तरी हात हलायला तयार नाही. खिळा पॉलिश पेपरनं घासला, ग्रीस लावलं.

नवीन पट्टा आणताना एक चूक करणार होतो. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात त्याच मापाचा पट्टा निम्म्या किमतीला होता. म्हातारबाबांनी हात धरला. मोअरचा आयडलर पट्ट्याच्या पाठीवर दाबतो, पट्टा उलटासुलटा वाकतो आणि ब्रेक दाबला की दर वेळी सैल होऊन परत ताणला जातो. त्याला आत आरामिडचे दोरे घातलेला, ह्याच कामासाठी बनवलेला पट्टा लागतो. साधा पट्टा बसतो, चालतो आणि एका मोसमात संपतो. पस्तीस डॉलर गेले. बदल्यात गार वेळ १३ वर आली. मी आणि पोरगा दोघंही ओरडलो. मग अर्धा तास गवत कापलं आणि पुन्हा रेघांवर आलो, २६.

तापल्यावरचा चोर अजून आतच होता.

आता हायड्रो म्हणजे काय ते सांगतो, कारण दुकानदार 'हायड्रो गेलं' म्हणतो तेव्हा नेमकं काय गेलं हे कुणीच विचारत नाही. एक बंद ॲल्युमिनियमची पेटी, तिच्यातून दोन्ही बाजूंना ॲक्सल. आत शेवटाला गिअर आहेत, पण वेग कमीजास्त करायचं काम गिअर करत नाहीत, तेल करतं. रंगपंचमीच्या पिचकाऱ्या डोळ्यांपुढं आण. एका फिरत्या नळकांड्यात अशा काही छोट्या पिचकाऱ्या गोलाकार बसवलेल्या, त्यांचे दट्टे एका तबकडीवर टेकलेले. तबकडी सरळ असेल तर नळकांडं कितीही फिरो, दट्टे जागचे हलत नाहीत, तेल वाहत नाही, गाडी उभी. पेडल दाबलं की तबकडी तिरकी होते. मग प्रत्येक फेऱ्यात दट्टे आतबाहेर होतात आणि तेल ढकलतात. जितकी तिरकी तितकं तेल. ते तेल पलीकडच्या तसल्याच पिचकाऱ्यांवर जाऊन त्यांना फिरवतं, आणि त्या ॲक्सलला. तबकडी उलट्या बाजूला कलली की गाडी मागं. क्लच नाही, गिअर टाकणं नाही. आईशप्पथ, कळल्यावर मी दहा मिनिटं नुसता त्या पेटीकडं बघत बसलो होतो.

पण हे सगळं चालतं ते दट्टे आणि नळकांड्यातल्या केसाएवढ्या फटीवर. तेल दाट आहे तोवर फटीतून फारसं निसटत नाही. गुऱ्हाळावरची काकवी आठव. गार झाली की चमच्याला चिकटते, उकळती असताना कापडातूनही पळते. तेलाचंही तेच. फार तापलं की पातळ होतं, फटीतून मागं निसटतं, आणि नेमक्या चढावर, जिथं दाब हवा तिथं, दाबच बनत नाही.

म्हणून त्या पेटीच्या डोक्यावर एक प्लास्टिकचा पंखा असतो. हायड्रोच्या पुलीबरोबरच फिरतो, पेटीच्या पंखपट्ट्यांवर हवा मारतो. मी मागून मडगार्डाखाली बॅटरी मारली. पंख्याला दहा पाती असायला हवीत, सात होती. कधीतरी काटकी अडकून तीन मोडलेली. आणि पेटी? पेटी दिसतच नव्हती. धूळ, तेलाचा ओशटपणा आणि गवताचा भुसा मिळून असा थर बसला होता की कुणी शेणानं सारवून ठेवावं. पाच वर्षांचं सारवण. वरून पंखा वारा घालणार तरी कशाला?

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पट्टा घसरत होता तेव्हा नुसती चाकंच हळू होत नव्हती, त्याच पट्ट्यावरचा पंखाही हळू होत होता. तेल जास्त तापायचं, जास्त तापलं की निसटायचं, निसटलं की मी पेडल आणखी दाबायचो, आणि त्यानं आणखी तापायचं. तीनही चोर एकमेकांना शिडी धरून उभे होते. आणखी एक सांगतो, त्यात माझीच चूक होती. गेल्या उन्हाळ्यात पेट्रोल वाचवायला मी दांडी ससा आणि कासवाच्या मध्ये ठेवून गवत कापायचो. इंजिन हळू म्हणजे पंप हळू आणि पंखाही हळू. ही गाडी दांडी सशावर ठेवूनच चालवायची असते आणि वेग कमी करायचा तो पेडलनं. पुस्तकात पहिल्या दहा पानांत लिहिलेलं आहे. मी पाच वर्षांनी वाचलं.

लाकडी फळीनं आणि ब्रशनं सारवण खरवडलं, ब्लोअरनं उडवलं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवायचा मोह झाला होता, पण तो फवारा सीलमधून आत शिरतो, म्हणून नाही केलं. नवा पंखा पंधरा डॉलर. मग मागची दोन्ही चाकं हवेत ठेवून तेलातली हवा काढायचा सोपस्कार केला. आधी सळई बाहेर, इंजिन सुरू, पेडल पुढं पाच सेकंद, मागं पाच सेकंद, असं तीनदा. मग सळई आत करून पुन्हा तेच. ह्या वेळी गरज होती असं नाही, पण करून टाकलं.

रेघा, स्टॉपवॉच. गार १३, तापल्यावर १५. चढावर थांबत नाही.

राहिलं तेल. पेटी 'सीलबंद' म्हणून विकतात, खाली तेल सोडायचा बोल्टच नाही. बदलायचं तर सगळी पेटी गाडीतून उतरवून पालथी घालायला लागते. पाच वर्षांचं तेल आहे, तापल्यावरचे उरलेले दोन सेकंद बहुधा त्याचेच. करीन, पण हिवाळ्यात, गवत झोपल्यावर. आणि दुकानदारावर उगाच राग काढू नये म्हणून हेही लिहितो. गार असतानाच पेटी ओरडत असती, ॲक्सलपाशी तेल गळत असतं, पुढं-मागं दोन्हीकडं जोर नसता, तर त्याचं म्हणणं खरं निघालं असतं. त्यानं फक्त विचारलं नाही.

नवा मोअर दोन हजारांच्या वर होता. मी पन्नास डॉलर आणि दोन आठवडे खर्चले. दोन आठवड्यांचा हिशेब बायकोनं वेगळा मांडला आहे, तो इथं देत नाही.

जुना पट्टा टाकून दिलेला नाही. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगला आहे, पोरगा विचारतो कशाला, मी सांगत नाही. जॉबरमामा आता कुठं असतात? डोळे बरे आहेत का त्यांचे? त्यांचा नंबर असेल तर पाठव, आणि अण्णांना बडिंगची गोष्ट सांगितल्यावर काय म्हणाले ते लिही. फोन करायचा असेल तर तुझ्याकडच्या शनिवारी रात्री साडेआठ ते दहा सोडून कर. तेव्हा मी गवतात असतो आणि काही ऐकू येत नाही.

तुझा,
पक्या